ओव्हन नको, वजनकाटा हवा: घरचे गोड-खारट घास

आजचा एपिसोड खाण्यावर आहे. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की हॉस्टेलवर, रूमवर किंवा घरी, ओव्हन नसताना, एका घासात संपेल असं काही गोड-खारट करता येतं का. येतं. आज तीन प्रकार सांगणार आहे, मापांसकट. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती न सांगता रेसिपी दिली तर तुम्हीही तीच कराल.

मी आत्ता दीपनगरमधून बोलतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भुसावळजवळ औष्णिक वीज केंद्र आहे ना, ज्याच्या चिमण्या हायवेवरून दिसतात, त्याची ही कॉलनी. इथे 500 मेगावॅटचे दोन संच चालतात. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राचे ओव्हन चालतील एवढी वीज आमच्या घरामागे तयार होते, आणि आमच्या घरात ओव्हन नाही. आईला मी एकदा म्हटलं, घेऊया का? ती म्हणाली, "त्यात भाकर होते का?" विषय संपला.

आणि खरं सांगू का, "नो-बेक" हा शब्दच मला जरा गमतीचा वाटतो. ज्यांच्याकडे सगळं बेक होतं त्यांच्यासाठी तो वेगळा प्रकार आहे. आपल्याकडे तिळगूळ नो-बेक, दाण्याचे लाडू नो-बेक, मुरमुऱ्याचे लाडू नो-बेक, चिक्की नो-बेक. आपली आजी आयुष्यभर नो-बेक करत होती, फक्त तिने रील टाकली नाही.

तर गोष्ट गेल्या मे महिन्यातली. मी वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आलो होतो. आपल्याकडचा मे म्हणजे सांगायला नको, 45 च्या पुढे पारा. दुपारी लॅपटॉपचा पंखा आणि घरातला कूलर यांची स्पर्धा. पुण्यात असताना मला एक सवय लागली होती, दुपारी चारला काहीतरी चघळायचं. ऑफिसच्या पॅन्ट्रीत ते छोटे एनर्जी बाइट्स असायचे, एक चाळीस-पन्नास रुपयांना. म्हटलं, यात आहे काय? खजूर, दाणे, वर जरा मीठ. घरी करू.

पहिला प्रयत्न चॉकलेटचा. केळीचे वेफर्स तर आपल्याकडे कमी नाहीत. रावेर, यावल, सावदा, फैजपूर, सगळा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालंय. तर खारे वेफर्स घेतले, डार्क चॉकलेट वितळवून अर्धे बुडवले, वर तीळ. फ्रिजमध्ये मस्त सेट झाले. ताटलीत काढून टेबलावर ठेवले, एक कॉल घेतला, परत आलो तर ताटलीत चॉकलेटचं सार. कारण सोपं आहे. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं. तोंडात घातलं की विरघळतं ते त्यामुळेच. पण मे महिन्यात आमचं सगळं घरच तोंडाइतकं गरम असतं.

मग दुसरा प्रयत्न खजुराचा. आणि इथे चूक झाली.

पाव किलो बिनबियांचा खजूर, 100 ग्रॅम भाजलेले दाणे, 50 ग्रॅम वेफर्सचा चुरा. मिक्सरमधून काढलं, हाताला तूप लावून वळलं, वीस गोळ्या झाल्या. वरून चिमटीभर मीठ. यार, अप्रतिम झाले होते. आई खाऊन बघितली आणि म्हणाली, "बाजारच्यासारखं लागतंय." आईकडून हे म्हणजे सर्टिफिकेट.

पप्पा संध्याकाळी ड्युटीवरून आले. पप्पांना सात वर्षांपासून डायबेटिस आहे. गोळ्या चालू आहेत. माणूस शिस्तीचा. लग्नात जिलेबीकडे बघत नाही, संक्रांतीला तिळगुळाचा एक दाणा जिभेवर ठेवून बाकीचा मला देतो. त्यांनी विचारलं, "यात साखर किती?"

मी म्हटलं, "पप्पा, शून्य. शुगर फ्री आहे. बिनधास्त खा."

त्यांनी एक खाल्ला. मग टीव्ही बघत बघत अजून. एकूण सहा. मला इतकं बरं वाटत होतं. सात वर्षांनी हा माणूस गोड काहीतरी न घाबरता खातोय, आणि ते मी केलंय.

जेवणानंतर दोन तासांनी त्यांनी नेहमीसारखं ग्लुकोमीटरवर चेक केलं. एरवी 170-180 च्या आसपास असतं. त्या दिवशी 280 च्या वर. परत चेक केलं, तेच. पप्पा काही बोलले नाहीत. आईला वाटलं मशीन बिघडलं. मला तेव्हाच कळलं, पण मी पण बोललो नाही. उठून आत गेलो आणि पहिल्यांदा खजुराचं पाकीट उलटं करून वाचलं.

आता हिशोब बघा. आपण इंजिनिअर लोक सगळ्याचा हिशोब करतो, फक्त खाण्याचा करत नाही. 100 ग्रॅम खजुरात साधारण 65 ग्रॅम साखर असते. नैसर्गिक आहे, पण साखर आहे. मी 250 ग्रॅम खजूर वापरला, म्हणजे सुमारे 160 ग्रॅम साखर. वीस गोळ्या. एका गोळीत 8 ग्रॅम. सहा गोळ्या म्हणजे 48 ग्रॅम. पाच ग्रॅमचा एक चमचा धरला तर जवळजवळ दहा चमचे. पप्पांच्या चहात मी दहा चमचे साखर घातली असती का? नसती. पण गोळीत घातली, वर शुगर फ्री म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की साखरेचा डबा उघडला नाही म्हणजे साखर नाही असं नसतं. गूळ, मध, खजूर, अंजीर, सगळं मोजायचं. आणि हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे "गूळ आहे, चालतो" हे वाक्य प्रत्येक घरात आहे. 100 ग्रॅम गुळात साधारण 85 ग्रॅम कर्बोदकं असतात. साखरेपेक्षा थोडा फरक, पण डायबेटिसच्या माणसासाठी तो फरक नसल्यासारखाच. तुमच्या घरात कोणाला शुगर असेल तर त्यांनी काय आणि किती खायचं ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. माझ्या पॉडकास्टवर जाऊ नका.

आणखी एक. पाकिटावरचे शब्दही नीट बघा. "नो ॲडेड शुगर" म्हणजे वरून साखर घातलेली नाही, एवढंच. आतल्या खजुराची साखर आहेच. "शुगर फ्री" हा वेगळा दावा आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर तसं लिहिता येत नाही. माझ्या गोळ्यांमध्ये 100 ग्रॅममागे 40 ग्रॅम होती. आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव खजूर असेल तर त्या बाइटमध्ये सगळ्यात जास्त खजूरच आहे, पाकिटावर समोर बदामाचा कितीही मोठा फोटो असू दे.

मग मला प्रश्न पडला की सहा खाल्ले कसे? पप्पा खादाड नाहीत. यात दोन गोष्टी आहेत.

एक म्हणजे मीठ. आपण म्हणतो मिठाने चव येते. म्हणजे नेमकं काय होतं? 1997 मध्ये ब्रेस्लिन आणि ब्युशाँ या दोघांनी नेचरमध्ये एक छोटा शोधनिबंध लिहिला होता. मीठ कडवटपणा दाबतं, आणि कडवटपणा दबला की खालचा गोडवा वर येतो. दाण्याच्या सालीला, गुळाला, डार्क चॉकलेटला, सगळ्यांना थोडा कडवटपणा असतो. चिमटीभर मीठ तो झाकतं. म्हणून शिऱ्यात आई कणभर मीठ घालते. तिने नेचर वाचलेलं नाही, पण तिला माहीत आहे.

दुसरं, आपलं मन एकाच चवीला कंटाळतं. नुसता पेढा किती खाणार? दोन, तीन. पण गोड झालं की खारट, खारट झालं की परत गोड, असं चालू राहिलं तर कंटाळा येतच नाही. फराळाच्या ताटात लाडू-चिवडा-लाडू-चिवडा करत आपण किती खातो ते आठवा. आणि त्यात घास छोटा. पोळी आपण मोजतो, दोन खाल्ल्या, तीन खाल्ल्या. छोटी गोळी कोणी मोजत नाही.

याचा फायदा पण करून घेता येतो. मीठ गोडवा वर आणतं ना, मग गोड कमी घालूनही चालेल. मी तेच केलं. पुढचे दोन आठवडे आईचा किचनमधला वजनकाटा माझ्याकडेच होता.

तर आता रेसिपी. लिहून घ्यायची गरज नाही, खाली मापं आहेतच, स्क्रीनशॉट काढा.

पहिला प्रकार, दाण्याचे घास. 200 ग्रॅम दाणे, 50 ग्रॅम तीळ, 80 ग्रॅम खजूर, 20 ग्रॅम सुकं खोबरं, 2 ग्रॅम मीठ. दोन ग्रॅम म्हणजे सपाट पाऊण चमचीपेक्षा कमीच, चहाच्या चमचीने. दाणे मंद आचेवर खमंग भाजा. घाई केली तर बाहेर काळे, आत कच्चे. गार करा, साल चोळून पाखडा. तीळ आणि किसलेलं खोबरं वेगवेगळं भाजा, कारण दाण्यांना वेळ लागतो आणि तीळ दोन मिनिटांत तडतडून जळतात.

भाजण्याआधी दाणे निवडायचे. हे आजीचं काम वाटतं, पण महत्त्वाचं आहे. काळपट, सुरकुतलेले, बुरशी दिसणारे दाणे काढून टाका. आणि खाताना एखादा कडू लागला तर थुंका, गिळू नका. भुईमुगावरच्या एका बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला वाईट असतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही.

मग मिक्सर. सलग फिरवू नका, फिरवा-थांबा-फिरवा. आधी कूट होईल, मग कडेला चिकटायला लागेल, म्हणजे तेल सुटलं. इथेच सगळी गंमत आहे. माझ्या पहिल्या रेसिपीत बांधायचं काम खजूर करत होता, म्हणून पाव किलो लागला. इथे ते काम दाण्याचं तेल करतं. म्हणून 80 ग्रॅम खजूर पुरतो. आता खजूर, तीळ, खोबरं, मीठ घालून एकदाच फिरवा आणि दहा-दहा ग्रॅमच्या गोळ्या वळा. सुपारीएवढ्या. साधारण 35 होतात.

हिशोब: एका गोळीत साखर दोन ग्रॅमच्या आत. कॅलरी पन्नासेक. हो, कॅलरी आहेत, दाण्यात निम्मं तेलच असतं. म्हणून हे पौष्टिक असलं तरी मूठभर खायचं काम नाही.

दुसरा प्रकार, मुरमुऱ्याचे खारे-गोड लाडू. हा पप्पांसाठी नाही, हा तुमच्या-माझ्यासाठी. 100 ग्रॅम गूळ, चार वाट्या मुरमुरे, अर्धी वाटी खारे दाणे, एक चमचा तूप. मुरमुरे आधी कढईत कोरडेच गरम करून कुरकुरीत करा. मुरमुऱ्यांऐवजी ज्वारीच्या लाह्या घेतल्या तरी छान होतात.

आता पाक. इथे पोरं फसतात. कढईत तूप, त्यात चिरलेला गूळ, मंद आच. गूळ वितळला म्हणजे पाक झाला नाही. तो फेसाळतो, रंग गडद होतो. वाटीत थंड पाणी घ्या, त्यात पाकाचा थेंब टाका. बोटाने दाबला आणि मऊ गोळी झाली तर थांबा, अजून व्हायचाय. कडक झाला आणि वाटीवर आपटल्यावर टण्ण वाजला तर गॅस बंद. हे थर्मामीटरचंच काम आहे. पाकातलं पाणी जसं उडतं तसं त्याचं तापमान वाढतं, आणि पाणी जितकं कमी तितका तो गार झाल्यावर कडक. मऊ गोळीच्या वेळी तो साधारण 115 अंशांवर असतो, टण्ण वाजतो तेव्हा त्याच्या बराच वर. म्हणून पाक अंगावर उडाला तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो, आणि चिकटून बसतो. लहान मुलांना शेजारी उभं करू नका.

मुरमुरे आणि दाणे घाला, पटकन हलवा, हात पाण्यात बुडवून छोटे छोटे वळा. दोन मिनिटं मिळतात. गार झालं की कढई आणि मुरमुरे एक होतात. तसं झालंच तर परत मंद आचेवर ठेवा, सुटतं.

तिसरा, केळीचे वेफर्स आणि डार्क चॉकलेट. हा थंडीत करा, डिसेंबर-जानेवारी. 100 ग्रॅम चॉकलेट, एका पातेल्यात पाणी गरम करून वर वाटी ठेवून वितळवा. वाटी आणि चमचा कोरडे ठणठणीत पाहिजेत. पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी चॉकलेट घट्ट होऊन दाणेदार होतं. वेफर अर्धा बुडवा, वर भाजलेले तीळ, बटर पेपरवर ठेवा. वेफर्स आधीच खारे असतात, वरून मीठ नको. उन्हाळ्यातच करायचे असतील तर कंपाउंड चॉकलेट घ्या, त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, ती जरा जास्त टिकाव धरते. चव तेवढी नाही येत.

बऱ्याच जणांनी विचारलं की पिकलेली केळी घालून बाइट्स करता येतील का. येतील, पण त्याच दिवशी संपवा. ताज्या केळीत पाणी खूप, आणि जिथे पाणी तिथे बुरशी. गूळ, खजूर, दाणे टिकतात कारण त्यात पाणी कमी असतं. दाण्याचे घास कोरड्या स्टीलच्या डब्यात आठवडाभर छान राहतात. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर तेलाला खवट वास येतो. मुरमुऱ्याचे लाडू पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि सगळं चिकट होतं.

घरात लहान मुलं असतील तर दोन गोष्टी. पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. आणि रेसिपीत मध असेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको.

कॉलनीत हे घास फिरले तेव्हा दोन-तीन मित्र म्हणाले, "काय भो, बिझनेस टाक ना!" टाका, चांगली गोष्ट आहे. पण घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. आणि पाकिटावर काय लिहाल ते शंभर वेळा तपासा. मी तर फक्त घरात एकदा तोंडाने "शुगर फ्री" म्हटलं होतं. तुमचं पाकीट कोणाच्या पप्पांच्या हातात पडेल सांगता येत नाही, आणि ते तुमच्यावर विश्वास ठेवूनच उघडतील.

पप्पांचं काय झालं ते सांगून थांबतो. त्या रात्रीनंतर त्यांनी माझ्या हातचं काही गोड खाल्लं नाही. रागाने नाही. म्हणायचे, "राहू दे, तू खा." मला ते जास्त लागलं. दोन आठवड्यांनी मी दाण्याचे घास केले, वजन करून केले, आणि कागदावर सगळा हिशोब लिहून त्यांच्यासमोर ठेवला. किती दाणे, किती खजूर, एका गोळीत किती साखर. मीच डॉक्टरांना तो कागद व्हॉट्सॲप केला होता, त्यांनी दिवसाला दोन, जेवणानंतर नाही तर मधल्या वेळेत, असं सांगितलं होतं.

पप्पांनी कागद वाचला. चष्मा काढला, परत लावला. प्लांटमध्ये आयुष्य गेलंय त्यांचं, मीटरचे आकडे वाचण्यात. म्हणाले, "हे बरोबर केलंस. आधी रीडिंग, मग स्विच."

आता मी पुण्यात असतो तेव्हा आई करते. डब्यात रोज दोनच ठेवते, बाकीचा डबा वर. कधी कधी पप्पांचा फोन येतो, इकडचं-तिकडचं बोलून शेवटी विचारतात, "काय रे, आज पाहुणे आलेत, तीन खाल्ले तर?" मी म्हणतो, मीटर काय म्हणतं ते सांगा आधी. मग हसतात आणि ठेवतात.

चला मंडळी, एवढंच आज. करून बघा, मोजून करा, आणि घरच्यांना देताना आत काय आहे ते खरं सांगा. तुमच्याकडे काय बिनसलं, काय जमलं ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. भेटू!